कम्यूटर म्हणजे पासवाला

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली. 1854 मध्ये रूळ कल्याणला पोचले. व्हिक्टोरिया राणीच्या त्या काळात इंग्रजीत नव्या शब्दांचीही टाकसाळ जोरात होती. 1852 मध्ये अमेरिकेत निघालेल्या ‘टेलिग्राम’वर ग्रीकच्या पंडितांनी नाकं मुरडली, पण शब्द टिकला. मला गंमत वाटते ती ‘कम्यूटर’ची. तोही अमेरिकेतलाच, 1860च्या दशकातला. तिथं रोजच्या भाड्याऐवजी एकरकमी, सवलतीचा पास मिळे. त्या बदलाला म्हणत ‘कम्यूट’ करणं. म्हणजे कम्यूटर मुळात पासधारक! पुढे पास विसरला गेला, रोजची ये-जा तेवढी उरली. डोंबिवलीकराकडे मात्र दोन्ही आहेत, बसायला जागा तेवढी नाही.