दहा अवतार, दहा गाणी

केज तालुक्यातल्या युसूफ वडगावसारख्या गावात हरिनाम सप्ताह बसला की दशावताराची कथा कधी ना कधी कानावर पडतेच. हीच कथा २०१७ साली मुंबईच्या एका हेवी मेटल बँडने सांगितली. बँडचं नाव डेमॉनिक रेझरेक्शन, अल्बमचं नाव 'दशावतार'.

गायक आणि गिटारवादक साहिल मखिजा यांनी २००० साली मुंबईत हा बँड उभा केला. दहा वर्षांनी ब्रिटनच्या 'मेटल हॅमर' मासिकाचा पुरस्कारही त्याला मिळाला. 'दशावतार'मध्ये मत्स्यापासून कल्कीपर्यंत ओळीने दहा गाणी आहेत, एका अवताराला एक. शब्द इंग्रजीत आहेत, पण गिटारच्या खणखणाटात भारतीय वाद्यंही मिसळतात.

हेवी मेटल संगीत जन्मलं इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या कामगार वस्तीत. ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात काम करायचा. तिथे अपघातात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली आणि तो डावखुरा असल्याने तारा दाबायची बोटं नेमकी तीच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैल करून स्वर खाली उतरवला. हेवी मेटलचा तो जड, खोल आवाज असा घडत गेला. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम १९७० चा.

नवख्या कानाला खटकतो तो गुरगुरणारा गळा. तो नुसता आरडाओरडा नव्हे. पोटातून दम घेऊन, खऱ्या स्वरतंतूंच्या वरच्या पडद्यांना कंप देत तो काढावा लागतो. रियाज नसेल तर आवाज बसलाच म्हणून समजा. त्याच्या जोडीला ढोलावर दोन्ही पाय दोन पेडलांवर चालतात. खांब फोडून बाहेर येणाऱ्या नरसिंहाला याहून शोभणारा आवाज कुठला? गोड गळ्याने त्या प्रसंगाचा धाक उभा राहणं अवघडच.

या अल्बममध्ये नववं गाणं बुद्धाचं आहे. महाराष्ट्रात दशावताराच्या जुन्या चित्रांत आणि शिल्पांत त्याच नवव्या जागी कमरेवर हात ठेवून उभा विठ्ठलही दिसतो. संतांनी विठ्ठलाला बौद्ध अवतार म्हटलं आहे. संशोधक रा. चिं. ढेरे यांनी या नात्याचा बारकाईने शोध घेतला. वारीच्या मुलखातल्या श्रोत्याने म्हणून या गाण्यापाशी जरा जास्त थांबावं.

आणि अल्बम ऐकायचा तो सलग, मत्स्यापासूनच. मधलंच एखादं गाणं उचललं तर नुसता गोंगाट वाटण्याची शक्यता फार; ओळीने ऐकलं की पुढचा अवतार कोणता हे आपल्याला आधीच ठाऊक असतं, आणि कान आपोआप वाट पाहू लागतो.