खडूची रेष, पडद्यावरची रेष



फळ्यावर झरझर आकृती काढणारा हात हे शिक्षकाचे जुने सामर्थ्य होय. एलिमेंटरी व इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांनी महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांच्या हाताला वळण लावले. आता त्याच हाताला संगणकाची जोड मिळाली आहे. मात्र भावी शिक्षकांना ही साधने शिकविताना विवेकही सोबतच शिकवावा लागतो.

मिरजगाव परिसरातील सीना नदीचेच उदाहरण घ्यावे. फळ्यावर काढलेला तिचा नकाशा तास संपताच पुसला जातो. इंकस्केपसारख्या साधनात मात्र नदी एका थरावर, अहिल्यानगर-सोलापूर रस्ता दुसऱ्यावर आणि गावांची नावे तिसऱ्यावर ठेवता येतात. नावांचा थर झाकला की तोच नकाशा प्रश्नपत्रिका होतो. रंगकामासाठी क्रिता, तर लहान मुलांसाठी टक्स पेंट उपयोगी पडते. ही तिन्ही साधने विनामूल्य असून मुक्त परवान्याची आहेत. सबब चोरीची प्रत वापरण्यास कारणच उरत नाही. प्रामाणिकपणाचा पाठ देणाऱ्याच्या संगणकात चोरीचे साधन असेल, तर मुले कोणता पाठ घेतील?

दुसरा प्रश्न परक्याच्या चित्राचा. १९५७ चा कॉपीराइट कायदा अध्यापनासाठी काही सवलत देतो. परंतु चित्रकाराचे नाव खोडून तेथे स्वतःचे घालण्याची मुभा देत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेने काढलेला नकाशा देखणा असतो, पण तो नदीला भलत्याच गावावरून नेऊ शकतो. तो पडताळून पाहणे आणि यंत्राने काढला आहे हे मुलांना सांगणे, ही दोन्ही शिक्षकाची कर्तव्ये आहेत.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. बक्षीस मिळविणाऱ्या मुलाचे छायाचित्र, नाव व शाळा कौतुकाने व्हॉट्सअ‍ॅपवर धाडली जाते. एकदा गेलेले छायाचित्र कोठवर पोहोचेल, हे पाठविणाऱ्याच्या हाती राहत नाही. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. कायदा दूर ठेवला तरी, विश्वासाने मूल शाळेत धाडणाऱ्या आईबापांना आधी विचारणे हा साधा शिष्टाचार आहे. मुलाचे चित्र दाखवावे. त्याचा चेहरा दाखविण्याची गरज क्वचितच असते.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा दहा लाख डॉलरच्या रकमेतील अर्धा वाटा त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना देऊ केला. तंत्रातील कौशल्य आणि मनाचे औदार्य एकाच शिक्षकाच्या ठायी नांदू शकते, याचा हा दाखला होय.

साधने बदलत राहतील. खडू गेला, उद्या माऊसही जाईल. आपल्या हाताने रेष काढावी, दुसऱ्याच्या रेषेचा मान राखावा आणि मुलाची लाज व सुरक्षा जपावी, एवढे जो शिक्षक शिकेल त्याच्या हाती कोणतेही साधन निर्धास्तपणे सोपवावे.