गळकी होडी

आपल्या जालना जिल्ह्याच्या दक्षिणेला गोदावरी आहे. काठच्या गावांना होडी लागते. होडीत पाणी आलं की आपण उपसतो. पण उपसल्यानं फट बुजत नाही. भर धारेत तीच फट जीव घेते.

पाणी साचतं एकीकडे, शिरतं दुसरीकडे. मग फट सापडावी कशी? होडी काठावर ओढा. दोन ओंडक्यांवर ठेवा. आत थोडं पाणी ओता आणि बाहेरून बघा. जिथून थेंब गळेल, तिथे कोळशाने खूण करा.

मग पाणी काढा. होडी वाळू द्या. फट खरवडून कापसाची वात ठासा. वरून डांबर लावा. फळी कुजली असेल तर सुताराकडून बदलून घ्या.

उन्हाळ्यात लाकूड आकसतं, फटी पडतात. पावसाळ्याआधी होडी तपासा. दुरुस्त होडी आधी रिकामीच उथळ पाण्यात सोडा. ती कोरडी राहिली, तरच लेकरं बसवा!