हाताची विद्या

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



पोळ्या लाटताना आपण मुलांचा अभ्यास घेतो, आल्यागेल्याशी बोलतो, तरी पोळी गोलच होते. हे कसे जमते, असे कोणी विचारले तर मात्र नीट सांगता येत नाही. शिकणाऱ्या मुलीला चार शब्द सांगून शेवटी आपण लाटणेच हाती घेतो. कारण ही विद्या तोंडाने सांगण्याची नव्हे, हाताने करण्याची आहे.

मात्र तिचे घर मेंदूत आहे. मेंदूचा डावा भाग शरीराच्या उजव्या बाजूला चालवतो आणि उजवा भाग डाव्या बाजूला. त्यात बोटांच्या वाट्याला पाठीपेक्षा कितीतरी अधिक जागा आलेली आहे. डोक्याच्या मागील बाजूस असलेला लहान मेंदू योजलेली हालचाल आणि प्रत्यक्ष झालेली हालचाल यांतील फरक हेरतो व पुढच्या खेपेस सुधारणा करतो. म्हणून पोळी वाकडी झाल्याखेरीज गोल होत नाही!

ही विद्या नेहमीच्या आठवणीहून वेगळी असते. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणावर फेफऱ्यासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्याच्या मनात नवी आठवण टिकेना. ब्रेंडा मिल्नर या विदुषींनी त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात सफाईने चालू लागला. पण आपण हे काम पूर्वी केले आहे, हे त्याच्या गावीही नव्हते. मन विसरले, हात शिकला.

आता आपल्या घरांशी संबंध असलेली गोष्ट सांगते. अर्धांगवायूत मेंदूचा काही भाग मरतो. तो पुन्हा जिवंत होत नाही. परंतु सरावाने शेजारचे भाग त्याचे काही काम उचलू शकतात. रोगी मात्र चांगल्या हातानेच सारे उरकतो आणि दुखावलेला हात पडून राहतो. एडवर्ड टाउब यांनी यावर उपाय काढला. चांगल्या हातावर मोजा चढवून त्याला अडवायचे आणि दुबळ्या हाताकडून काम करवून घ्यायचे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या २२२ रोग्यांवरील प्रयोगात दोनच आठवड्यांच्या अशा सरावाचा लाभ वर्षभरानंतरही दिसला. मनगट व बोटे थोडीतरी हलत असतील तरच हा उपाय चालतो, आणि तोही जाणकारांच्या देखरेखीखाली.

तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रोग्याला तत्काळ मोठ्या इस्पितळात न्यावे. गुठळी विरघळवण्याचे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

पुढची जबाबदारी बहुधा आपल्यावरच येते. सासूबाईंना भरवणे, त्यांची वेणी घालणे, बटणे लावणे यालाच आपण सेवा मानतो. पण जो हात थोडा हलतो, त्याचे काम आपण हिरावून घेतले तर तो शिकणार कसा? वाटी त्यांच्या हाती द्यावी. आमटी सांडेल, वेळ लागेल, पाहुणे काहीबाही बोलतील. ते सोसून शेजारी स्वस्थ बसणे भरवण्यापेक्षा कठीण आहे. पण तीही सेवाच आहे.