पुण्यांतला दगडी गेंडा

परगांवचा पाहुणा पुण्यास आला म्हणजे त्याला काय दाखवावयाचें हें घरोघर ठरून गेलेलें असतें. शनिवारवाडा, पर्वती, सारसबाग, कसब्याचा गणपति आणि सायंकाळीं तुळशीबागेंत खरेदी. ह्यांत गैर कांहींच नाहीं. पर्वतीवरून शहर न पाहतां पुणें पाहिलें असें म्हणतां येणार नाहीं. परंतु ह्या ठराविक फेरींत एक उणीव आहे. तींत पाहुण्याला प्रश्न पडण्याचा प्रसंगच येत नाहीं. काय पाहावयाचें आणि पाहून काय म्हणावयाचें, हीं दोन्ही त्याला अगोदरच ठाऊक असतात.

मी स्वतः असाच पाहुणा. माझें शिक्षण मॅट्रिकच्या पुढें गेलें नाहीं; तालुक्याच्या गांवीं मुलांना इतिहास शिकविण्यांत सारी नोकरी गेली. पुण्यास सोमवार पेठेंत भाच्याचें घर आहे. तेथें वर्षांतून दोनदां तरी येणें होई, आणि प्रत्येक वेळीं तीच फेरी घडे.

मागें एका पावसाळ्यांत माझी अकरा वर्षांची नात बरोबर होती. वाडा पाहून झाला, बाग पाहून झाली, तेव्हां ती म्हणाली, "आजोबा, हें सगळें पुस्तकांत आहे. पुस्तकांत नाहीं असें कांहींतरी दाखवा ना!"

हे शब्द ऐकून मी चपापलों. कां, तें पुढें सांगेन.

आम्ही आरंभ केला तो देवांच्या नांवांपासून. पुणेकरांनीं आपल्या देवांना जीं नांवें ठेविलीं आहेत, तशीं दुसऱ्या कोणी ठेविलीं असतील असें मला वाटत नाहीं. जिलब्या मारुति, पासोड्या विठोबा, खुन्या मुरलीधर! मारुतीच्या शेजारीं जिलब्यांचें दुकान होतें आणि हलवाई त्याला जिलब्यांची माळ घाली, असें सांगतात. विठोबाच्या भोंवतीं पासोड्यांचा बाजार भरे. मुरलीधराची कथा मात्र हंसण्यासारखी नव्हे. सदाशिव पेठेंतलें हें देऊळ गद्रे सावकारांनीं १७९७ सालीं बांधिलें. मूर्तीवरून तंटा होऊन ऐन स्थापनेच्या वेळीं माणसें पडलीं, म्हणून मुरली वाजविणाऱ्या देवाला असलें नांव चिकटलें, अशी हकीकत आहे. मीं नातीला वही करावयास सांगितलें. एका बाजूस ऐकीव गोष्टी लिहावयाच्या, दुसऱ्या बाजूस दगडावर किंवा कागदावर पुरावा असलेल्या.

पुढें फडके हौदाचा चौक लागला. भर रस्त्यांत हौद कशाला, हा तिचा पुढचा प्रश्न. त्याचें उत्तर शोधीत गेल्यास आपण थेट कात्रजच्या तलावापाशीं पोंचतों. नानासाहेब पेशव्यांच्या काळीं तेथून जमिनीखालून बांधीव नळ काढून पाणी शहरांत आणिलें. पंप नाहीं, यंत्र नाहीं. केवळ उताराच्या बळावर पाणी पेठापेठांतल्या हौदांत येई. नळांतील हवा बाहेर पडावी म्हणून वाटेंत बांधिलेल्या धुराड्यांसारख्या जागांना उच्छ्वास म्हणत. ज्या रस्त्यावरून आपण रोज जातों, त्याच्या पोटांत अडीचशें वर्षांपूर्वींचें हें शहाणपण होतें.

तिसऱ्या दिवशीं राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिलें. हें ठिकाण तसें प्रसिद्ध; परंतु तें उभें राहिलें तें एका माणसाच्या छंदांतून. लोक ज्या वस्तु मोडींत काढीत होते, ते दिवे, अडकित्ते, दौती आणि स्वयंपाकाचीं भांडीं दिनकर केळकरांनीं गांवोगांव हिंडून जमविलीं, आणि अकालीं गेलेल्या आपल्या मुलाचें, राजाचें, नांव त्या संग्रहाला दिलें. १९६२ सालीं तो सारा संग्रह त्यांनीं महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. एकेका अडकित्त्यावरची कारागिरी पाहून नात अर्धा तास हलली नाहीं.

आणि मग चौथ्या दिवशीं गेंडा भेटला.

सोमवार पेठेंतच, नागझरीजवळ, त्रिशुंड गणपतीचें देऊळ आहे. भाच्याच्या घरापासून पांच मिनिटांची वाट. इतक्या वर्षांत मी तिकडे फिरकलों नव्हतों. भीमगिरजी गोसावी यांनीं १७५४ सालीं त्याच्या बांधकामास आरंभ केला, आणि तें १७७० सालीं पुरें झालें. देऊळ काळ्या दगडाचें. गणपति तीन सोंडांचा, आणि बसला आहे तो उंदरावर नव्हे, मोरावर! आंत लेख आहेत ते संस्कृत आणि फारसी, अशा दोन्ही भाषांत. हें सर्व पाहून आम्ही बाहेर आलों, आणि दर्शनी भिंतीपाशीं नात एकदम थांबली. "आजोबा, गेंडा!"

खरोखरच गेंडा होता. विलायती वेषांतले शिपाई त्याला साखळदंडांनीं जखडीत आहेत, असें तें शिल्प. पुण्याच्या देवळावर गेंडा कोठून आला? गेंडा म्हणजे बंगाल-आसामचा मुलूख, आणि त्याला बांधणारे ते इंग्रज. प्लासीच्या लढाईनंतर बंगाल त्यांच्या हातीं गेला त्याचें हें चित्र, असा अर्थ जाणकार लावतात. प्लासी १७५७ सालची. म्हणजे तिकडे बंगाल जात होता, तेव्हां इकडे ह्याच देवळावर पाथरवटांची छिन्नी चालू होती.

त्या दगडासमोर मला पंचवीस वर्षांपूर्वींचा एक तास आठवला. इयत्ता आठवी. फळ्यावर मीं लिहिलें होतें : प्लासीची लढाई, २३ जून १७५७. शेवटच्या बांकावरच्या एका मुलानें हात वर केला आणि विचारलें, "गुरुजी, ही बातमी आपल्याकडे आली तेव्हां आपल्या लोकांना काय वाटलें?" प्रश्न चांगला होता. मला उत्तर येत नव्हतें, आणि येत नाहीं असें म्हणण्याचें धैर्य मला झालें नाहीं. मीं म्हटलें, "तें पुस्तकांत नाहीं. परीक्षेंत येणार नाहीं. खालीं बैस." तो खालीं बसला. त्यानंतर माझ्या तासाला त्यानें पुन्हां हात वर केला नाहीं.

म्हणून माझी श्रोत्यांना विनंति आहे. कोणत्याही शहरीं जा. प्रसिद्ध स्थळें अवश्य पाहा, परंतु एक सकाळ मोकळी ठेवा. चमत्कारिक नांव ऐकलें, आडजागीं कांहीं विचित्र दिसलें, तर थांबा आणि जुन्या दुकानदाराला विचारा. देवळांत गेलांत तर तें लोकांच्या पूजेचें ठिकाण आहे, तमाशा नव्हे, हें विसरूं नका. आणि बरोबर मूल असलें, तर त्याच्या प्रश्नाला "ठाऊक नाहीं, चल शोधूं" असें उत्तर द्यावयास लाजूं नका. जें कोणी पाहत नाहीं, विचारीत नाहीं, त्याची काळजीही पुढें कोणी घेत नाहीं. मग तो दगड असो कीं शेवटच्या बांकावरचा मुलगा.

तो मुलगा आतां चाळिशीच्या घरांत असेल. कोठें आहे, मला ठाऊक नाहीं. हें भाषण त्याच्या कानीं पडत असेल, तर त्याला एवढेंच सांगावयाचें आहे : बाळ, तुझा प्रश्न बरोबर होता. त्याचें सगळें उत्तर माझ्यापाशीं आजही नाहीं. परंतु एका पाथरवटानें आपल्यापुरतें उत्तर सोमवार पेठेंत दगडावर कोरून ठेविलें आहे. सवड काढून तें पाहून ये, आणि तुझीं मुलें असतील तर त्यांनाही घेऊन जा.