आमचा कोरम दोनचा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात लेखन-कट्ट्याच्या वतीने केलेले भाषण. बोलण्याच्या ओघातले शब्द बरेचसे तसेच ठेवले आहेत.)



मला बोलायला पंधरा मिनिटं दिली आहेत. कट्ट्यावर आम्ही वाचणाऱ्याला दहाच देतो, त्यामुळे आज मला बोनस मिळाल्यासारखं वाटतंय. विषयही ठरवून दिलाय, ‘आपल्या लेखन-कट्ट्याची नऊ वर्षांची वाटचाल’. वाटचाल म्हटली की आकडे आलेच, तेव्हा ते आधी उरकून घेतो. महिन्याचा पहिला शनिवार, संध्याकाळी सहा, सोसायटीचं ऑफिस. खुर्च्या अकरा. त्यातल्या एकीचा पाय वाकडा, तिच्यावर मीच बसतो. पावसाळ्यात लोकल बंद पडल्या म्हणून चुकलेले आणि लॉकडाऊनमध्ये बुडालेले महिने सोडले, तर कट्टा थांबलेला नाही. झाली वाटचाल.

आता जे खरं सांगायचंय ते सांगतो.

कट्टा सुरू केला तेव्हा आमच्यातल्या काही जणांच्या डोळ्यांपुढे वांद्र्याचं ‘साहित्य सहवास’ होतं. लेखकांनी स्वतःसाठी उभारलेली ती सहकारी गृहनिर्माण संस्था. इमारतींना नावंसुद्धा ‘झपूर्झा’, ‘शाकुंतल’ अशी. विंदा करंदीकर, गंगाधर गाडगीळ, विजया राजाध्यक्ष अशी माणसं तिथं एकमेकांची शेजारी. कवी रमेश तेंडुलकरही तिथलेच. त्यांच्या मुलानं पुढे निराळ्याच प्रकारे नाव काढलं, हे तुम्हाला माहीत आहे. पण आपली सोसायटी ती नव्हे. आपण मुलुंडची माणसं, आपल्या विंगांची नावं ए, बी आणि सी. आपल्यात बँकेतून निवृत्त झालेले आहेत, शाळेत शिकवणाऱ्या आहेत, दुकानदार आहेत, आणि एक शेजारी गुजरातीत लिहून मराठीत अर्थ सांगणारे आहेत. कुणाचं पुस्तक निघालेलं नाही. मग आम्ही एकमेकांना वाचून काय दाखवतो, आणि का?

पहिली दोन वर्षं खरं सांगायचं तर आम्ही ‘छान’ म्हणायला जमत होतो. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ‘छान’ म्हणायचं, मग चहा आणि नाक्यावरचे बटाटेवडे. पुढच्या महिन्यात दुसऱ्याची पाळी. ‘अहो रूपम् अहो ध्वनिः’ म्हणतात, तसला कारभार. हा दोष काही आमच्यापासून सुरू झालेला नाही. 1923 साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे ही मंडळी रविवारी जमायची, चहा घ्यायची, एकमेकांना कविता ऐकवायची. यशवंत आणि गिरीश यांनी तर कविता गाऊन दाखवण्याची आवडच महाराष्ट्राला लावली. तरीही त्यांच्यावर आपसांत कौतुक करणारे म्हणून टीका झाली, आणि अत्र्यांनी केशवकुमार या नावानं ‘झेंडूची फुले’ लिहून त्या काळच्या कवींची यथेच्छ थट्टा केली. एवढ्या मोठ्या कवींची जिथं सुटका झाली नाही, तिथं आमची काय कथा!

आमचे डोळे उघडले ते एका काकांमुळे. ते आत्ता इथेच, दुसऱ्या रांगेत बसले आहेत. पुढचं सगळं मी त्यांना विचारून सांगतोय. परवानगी लेखी आहे. ती का घ्यावी लागते, त्यावर येतोच.

काका रेल्वेत होते. त्यांनी 1974 च्या रेल्वे संपावर चार पानं लिहून आणली. तरुणांसाठी सांगतो, 8 मे ते 27 मे, वीस दिवस देशभर तो संप चालला. जॉर्ज फर्नांडिस पुढारी होते. लाखो कामगार संपावर, हजारो तुरुंगात, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. काकांचं वय तेव्हा सत्तावीस. रेल्वेच्या क्वार्टर्समधलं वातावरण, दारावर थाप पडली की धडधडणारी छाती, उधारीवर आणलेले तांदूळ, सगळं त्यांनी नेटकं लिहिलं होतं. शेवट संप मिटल्याच्या रात्रीचा. आम्ही टाळ्या वाजवल्या. ‘छान’ म्हणालो. कुणीतरी ‘त्या काळची माणसंच वेगळी’ असंही म्हणालं. वडे आले.

त्यानंतर काका तीन महिने कट्ट्यावर फिरकले नाहीत. आम्हाला वाटलं, गुडघे दुखत असतील.

कट्ट्यावरचं हाती लिहिलेलं लिखाण सी विंगमधली एक मुलगी कॉम्प्युटरवर टाइप करून ठेवते. तेव्हा ती बारावीत होती, शिक्षण सगळं इंग्रजी माध्यमातलं. मराठी वाचायला तिला वेळ लागतो, एकेक शब्द लावत जाते. काकांची चार पानं टाइप करायला तिला दोन संध्याकाळी लागल्या. ती वही घेऊन काकांच्या दारात गेली आणि म्हणाली, “आजोबा, संप वीस दिवसांचा होता असं तुम्ही पहिल्याच पानावर लिहिलंय. मग बाराव्या दिवसानंतर एकदम विसावा कसा आला? मधलं पान राहिलं का?”

आम्ही नऊ जणांनी ती चार पानं ऐकली होती. मधले दिवस गायब आहेत हे एकाच्याही कानाला लागलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी काका आले. मधलं पान घेऊन आले. तेराव्या दिवशी ते कामावर परत गेले होते. धाकटं मूल तापानं फणफणलेलं, घरात पैसा नाही, आणि मनात भीती. भिंतीला भिंत लागून राहणारा मित्र मात्र शेवटपर्यंत बाहेर राहिला आणि त्याची नोकरी गेली. काकांनी हे पान सलग वाचलं, चष्मा काढला, आणि ऑफिसात पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला. त्या दिवशी कुणी ‘छान’ म्हणालं नाही. बऱ्याच वेळानं आमच्यातल्या बँकेतल्या ताईंनी विचारलं, “त्यांच्याशी पुन्हा कधी बोललात का?”

काका म्हणाले, “सत्त्याहत्तर साली सरकार बदललं, त्याला कामावर परत घेतलं. तो पेढे घेऊन माझ्या दारात आला. मी आतल्या खोलीत बसून राहिलो. पेढे हिनं घेतले.”

हे त्यांनी कागदावर लिहिलेलं नव्हतं. ते त्यांनी तिसऱ्या खेपेला लिहिलं. तो तिसरा लेख याच स्मरणिकेत आहे. जरूर वाचा.

नंतर मी त्यांना विचारलं, तीन महिने आला का नाहीत? ते म्हणाले, “तुम्ही विचाराल म्हणून मी ती जागा मोकळी सोडली होती. तुम्ही टाळ्या वाजवल्यात.”

मंडळी, कट्ट्यानं मला शिकवलेली गोष्ट ही एवढीच. लिहिणारा माणूस पुष्कळदा एक जागा मोकळी सोडतो. मुद्दाम नाही सोडत, हात तिथे थांबतो. त्या जागेवर बोट ठेवणारा एक ऐकणारा भेटला तर लेखन पुढे जातं. नाही भेटला तर वही कपाटात जाते.

मराठीत अशी बोटं ठेवणाऱ्यांची मोठी परंपरा आहे. गिरगावात खटाववाडीत ‘मौज’चं ऑफिस, तिथून ‘सत्यकथा’ निघायची. 1982 साली ती बंद झाली. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे तिचे संपादक. कथा आली की ते ‘स्वीकारली’ किंवा ‘नाकारली’ एवढ्यावर थांबत नसत. लेखकाला सविस्तर पत्र जायचं, त्यावर चर्चा व्हायची, कथा पुन्हा लिहिली जायची. काही लेखकांना त्याचा जाच वाटला, काहींनी उघड भांडणही काढलं. पण आपली प्रत्येक ओळ कुणीतरी नीट वाचतंय, हे लिहिणाऱ्याला कळायचं.

आणि बहिणाबाई चौधरी. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात काम करताना त्या ओव्या रचायच्या. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्यातल्या काही कागदावर उतरवून घेतल्या. डिसेंबर 1951 मध्ये बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी तो ठेवा अत्र्यांना दाखवला आणि 1952 साली ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. विचार करा, तेवढी दोन माणसं घरात कान देऊन ऐकणारी नसती, तर तो आवाज असोद्याच्या आणि जळगावच्या शिवारातच विरून गेला असता. जे उतरवलं गेलं नाही ते तर गेलंच. आपल्या तिन्ही विंगांमध्ये कुणी बहिणाबाई आहे असा माझा दावा नाही. पण नाहीच, हे न ऐकता कसं ठरवणार?

आता परवानगीची गोष्ट. ही माझ्या चुकीची आहे.

पाचव्या वर्षी मी एक विनोदी लेख वाचला. आपल्याच सोसायटीतल्या एक ताई रोज रात्री गॅलरीत उभ्या राहून परदेशातल्या मुलाशी फोनवर बोलायच्या. मोठ्यानं बोलायच्या, कारण परदेश लांब असतो. ‘जेवलास का’पासून ‘मोजे घातलेस का’पर्यंत सगळी विंग ऐकायची. मी नाव घातलं नव्हतं, मजला बदलला होता. लेख रंगला. सगळे खो-खो हसले. त्या ताई त्या दिवशी पहिल्यांदाच कट्ट्यावर आल्या होत्या. दाराजवळच्या खुर्चीत होत्या, मला दिसल्या नाहीत. त्याही हसल्या, असं मला नंतर सांगण्यात आलं.

मी घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा दिला, ‘अहो, त्यात काय एवढं’ म्हणाल्या. पण त्या दिवसापासून त्या गॅलरीत उभ्या राहत नाहीत. रात्री साडेनऊला माझी नजर अजून तिकडे जाते. दिवा बंद असतो.

लेखकांच्या मोठ्या जगात तुम्ही ज्याच्यावर लिहिता तो क्वचित समोर असतो. सोसायटीत तो लिफ्टमध्ये भेटतो. म्हणून आम्ही एक नियम केला. फ्लॅट विकायचा तर पुष्कळदा सोसायटीचा ना-हरकत दाखला मागितला जातो. तसंच शेजाऱ्याच्या आयुष्यावर लिहायचं तर आधी त्याची ना-हरकत घ्यायची, आणि तीही लेख त्याला वाचून दाखवून. मिळाली नाही तर लेख वहीत राहील. यामुळे चार चांगले लेख वहीत राहिले आहेत. माझा एक आहे. राहू देत.

दुसरा नियम, ‘छान’ हा शब्द कट्ट्यावर बंद. वाचून झालं की ऐकणाऱ्यानं निदान एक प्रश्न विचारायचा. चूक काढायची सक्ती नाही, प्रश्न विचारायची आहे. ‘त्या वेळी खोलीत आणखी कोण होतं?’ ‘तुमची आई तेव्हा काय म्हणाली?’ एवढा साधा प्रश्नही चालतो. आणि तिसरा नियम, वाचणाऱ्यानं लगेच खुलासा करायचा नाही. प्रश्न घरी न्यायचा. उत्तर द्यायचंच असेल तर पुढच्या महिन्यात, कागदावर.

वडे मात्र चालू आहेत. पाडगावकर, बापट, विंदा, गाडगीळ यांच्यासारखे लोक ‘मुरगी क्लब’ म्हणून महिन्यातून एकदा जेवायला जमायचे आणि शब्दांच्या कोट्या करायचे. तेव्हा खाण्याला आमच्याकडे मोठ्यांचा आधार आहे.

शेवटी कमिटीकडे एक मागणं. ऑफिसचं नूतनीकरण होणार आहे, ही चांगली गोष्ट आहे. नव्या ऑफिसात पहिल्या शनिवारचे दोन तास आमच्यासाठी ठेवावेत. खुर्च्या जुन्याच द्या, वाकडी मला द्या. आणि सभासदांकडे मागणं असं की, ज्यांना लिहिता येत नाही असं वाटतं त्यांनी ऐकायला यावं. लिहिणारे आम्ही बरे आहोत, ऐकणारे कमी पडतात. विशेषतः सावकाश वाचणारी मुलंमुली असतील तर त्यांना नक्की पाठवा.

आपल्या वार्षिक सभेत कोरम भरला नाही की सभा अर्धा तास तहकूब करतात आणि मग जेवढे असतील तेवढ्यांवर चालवतात. आम्हाला ते करावं लागत नाही. आमचा कोरम दोनचा आहे. एक वाचणारा आणि एक ऐकणारा. एका जुलैत पाणी तुंबलं होतं तेव्हा काका आणि मी असे दोघंच होतो. सभा व्यवस्थित झाली.