वार्ताहराची तटस्थता आणि श्रावकाची करुणा
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



ओप्रा विन्फ्री हे नाव जगाला परिचित आहे. परंतु त्यांच्या वैभवापेक्षा त्यांच्या प्रारंभीच्या अपयशातून घेण्यासारखे अधिक आहे.

१९५४ साली अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शालेय वयातच त्या नॅशव्हिल येथील रेडिओ केंद्रावर बातम्या वाचू लागल्या. पुढे तेथेच दूरचित्रवाणीवर वृत्तनिवेदिका झाल्या. १९७६ मध्ये, अवघ्या २२ व्या वर्षी, बाल्टिमोरच्या स्थानिक केंद्राने त्यांना सायंकाळच्या बातम्यांसाठी सहनिवेदिका नेमले. वार्तांकनही त्यांच्याकडे होते.

आगीत घर गमावलेल्या कुटुंबाला प्रश्न विचारायचे, उत्तरे घ्यायची आणि परतायचे, ही वार्ताहराची रीत. विन्फ्री यांना ती साधेना. अशा पीडितांसाठी त्या पांघरुणे घेऊन जात आणि वरिष्ठांना ते रुचत नसे, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. १९७७ मध्ये त्यांना सहनिवेदिकेच्या पदावरून दूर करून किरकोळ कामे देण्यात आली. १९७८ मध्ये मात्र ‘पीपल आर टॉकिंग’ हा सकाळचा संवादाचा कार्यक्रम त्यांच्याकडे आला, आणि बातमीत दोष ठरलेली सहृदयता तेथे सामर्थ्य ठरली. १९८६ ते २०११ अशी पंचवीस वर्षे त्यांचा स्वतःचा कार्यक्रम अमेरिकाभर चालला.

वरिष्ठ सर्वस्वी चुकले, असे म्हणता येणार नाही. भावनेने भारावलेला मनुष्य सत्य नीट सांगू शकत नाही. तथापि जैन आचारात सत्य अहिंसेपासून वेगळे नाही. हित, मित आणि प्रिय बोलावे, ही भाषासमितीची शिकवण आहे.

संस्थेच्या कार्यातही हाच प्रसंग येतो. शिक्षणासाठी वा औषधोपचारासाठी साहाय्य मागणाऱ्या कुटुंबाची चौकशी करावीच लागते. समाजाचा पैसा आहे. उत्पन्न किती, कर्ज किती, हे विचारणे कर्तव्यच होय. परंतु तेच प्रश्न चारचौघांत, चढ्या स्वरात विचारले गेले, तर हाती धनादेश पडतो आणि मान मात्र कायमचा जातो. असे साहाय्य साधर्मिक वात्सल्य नव्हे.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात एवढा संकल्प व्हावा: अशी चौकशी एकाच विश्वस्ताने, अर्जदाराच्या घरी जाऊन, एकदाच करावी, आणि त्या घरातील गोष्ट त्या घरातच राहावी.

जय जिनेन्द्र!